गुडघे हौसाबाईंचे, कागद दत्तूचा

“हा दत्तात्रय, वय चौतीस, कोण?” मी हातातली चिठ्ठी वाचत विचारलं.

“माजा ल्योक,” हौसाबाई म्हणाल्या.

“मग या गुडघेदुखीच्या गोळ्या कोण खातं?”

“मीच की! त्याला काय धाड भरलीया?”

मुलांनो, सरकारी नोकरी संपली तरी मी राजुरीत आठवड्यातले तीन दिवस दवाखाना चालवते. हौसाबाई पिंपरी पेंढारच्या. वय सदुसष्ट, बीपीच्या जुन्या पेशंट. त्या दिवशी पाय इतके सुजले होते, की चपलेचा पट्टा रुतला होता. रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन वाढलेलं. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा. तो रक्तात साचू लागला, की किडनी थकली समजायचं. तीन महिने रोज दोन पेनकिलर, त्यात बीपी. दुसरं काय होणार?

दत्तू चाकणला कंपनीत असतो. त्याला बोलावून घेतलं. घरबसल्या डॉक्टरशी बोलणं करून देणारं ॲप त्याच्या फोनवर, खातं त्याच्या नावाचं, डॉक्टर परराज्यातले. गोळ्यांचं पार्सल दर महिन्याला आपोआप येत होतं.

“त्यांना व्हिडिओवर आई दिसली नाही?”

“व्हिडिओ नव्हता म्याडम, नुसता कॉल. आई घरी, मी कंपनीत. मीच बोललो.”

“गुडघे आईचे आहेत, हे सांगितलंस?”

“त्यांनी कुठं इचारलं?”

आपल्याकडे बाईचं दुखणं घरातला पुरुष सांगतो. माझ्यासमोर बाई बसते आणि उत्तरं मागे उभा असलेला मुलगा देतो. मी अशा मुलांना बाहेर बसवते. फोनवर कुठे बसवणार?

नियम तसा सोपा आहे. कुठल्याही राज्यात नोंदणी असलेला डॉक्टर फोनवरून देशभर सल्ला देऊ शकतो. मात्र पेशंट कोण आणि वय किती, याची खात्री त्याने करायची. ती केली नाही, तर तक्रार त्याच्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलकडे जाते. कौन्सिल म्हणजे डॉक्टरांची नोंद ठेवणारी आणि वेळ आली तर कान धरणारी संस्था.

आधी मी ॲपच्या हेल्पलाइनला फोन करून गोळ्या थांबवा म्हटलं. ते म्हणाले, खातेदाराशीच बोलू. दत्तूने पार्सल बंद केलं. मग जवळची म्हणून आपल्याच राज्याच्या कौन्सिलकडे तक्रार पाठवली. उत्तर आलं, हे डॉक्टर आमच्याकडे नोंदलेले नाहीत. ते जिथे नोंदलेले होते, तिथे हौसाबाईंच्या सहीने अर्ज धाडला. तो परत आला. रेकॉर्डवर पेशंट दत्तात्रय आहेत, तक्रार त्यांनी करावी. दत्तूने केली. आता पत्र आलं, स्वतःच्या आजाराचे रिपोर्ट जोडा.

“मला कुठला आजार?” दत्तू वैतागला.

मी तिथल्या ऑफिसात फोन लावला. “अहो, त्रास आईला झालाय.”

“मॅडम, पण पेशंट मुलगा आहे ना?”

“तो ठणठणीत आहे!”

“मग तक्रार कसली?”

मी फोन ठेवला आणि दोन ग्लास पाणी प्यायले. दत्तूचंही रक्त तपासलं. मायलेकांचे रिपोर्ट शेजारीशेजारी लावले, दोन पानी खुलासा लिहिला आणि रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला.

निकाल लागला. ‘दत्तात्रय यांचे रिपोर्ट सामान्य आहेत. रुग्णास इजा झाल्याचे आढळत नाही. प्रकरण बंद.’

हौसाबाईंचं क्रिएटिनिन उतरलं, पण पूर्वीइतकं नाही. आता ते जन्मभर सांभाळायचं. परवा त्या म्हणाल्या, “तुमी उगा बंद केली बाई. गोळी लई गुनाची व्हती.”

म्हणजे डॉक्टर सुटला, ॲप सुटलं आणि दोषी ठरले मी.

यातून एवढंच शिका. दुखणं ज्याचं, बोलणं त्याचं. तुम्ही फोन करता, तेव्हा तुमचे आजोबा “आजी मजेत आहे” असं परस्पर सांगून टाकतात. पुढच्या वेळी फोन माझ्याकडे द्यायला सांगा. माझेही गुडघे दुखतात.