कडेची मोकळी जागा

वेबसाइट बनवायला शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सच्या सहाव्या धड्यावर मी चार दिवस अडकले होते. पडद्यावरच्या निळ्या चौकटीत सरावासाठी एका दुकानाचं नाव लिहिलं होतं. ते कसंतरीच दिसत होतं आणि काय बिघडलंय तेच कळेना. हे आपलं काम नाही, असं वाटून मी कोर्स सोडायच्या बेतात होते.

बाबा मागून डोकावले. त्यांनी जन्मभर तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या आहेत. "अक्षरं कडेला का चिकटवलीस गं? अशी पाटी केली तर गिऱ्हाईक शिडीवरून उतरू देत नाही."

मी चारही बाजूंनी जागा सोडली. नाव उठून दिसायला लागलं.

लहानपणी बाबा माझ्या हातात खडूची पूड लावलेल्या दोरीचं एक टोक द्यायचे. दोरी ताणून पाटीवर रेघा उमटवायचे, कडा सोडायचे आणि मगच ब्रश उचलायचे. माझं लक्ष मात्र खेळाकडे असायचं. पुढे घरातली पहिली पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा मलाही वाटलं होतं, की शिक्षण या घरात माझ्यापासून सुरू झालं. माझे पहिले शिक्षक त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

"जमलं ना?" बाबांनी खुर्ची ओढली आणि चष्मा पुसला. "मग पुढचा धडा लाव. मलाही बघू दे."

मी लावला.