नटांवरची पिवळी रेघ

इथे मी बरेच दिवस नुसती वाचते, कमेंटसुद्धा करत नाही. एखादा अनुभव वाचून झाला की मनात म्हणते, "झोपेत असेल," "कुणीतरी मस्करी केली असेल," आणि पान बंद करते. आमच्या घरात नजर, उतारा, बाधा यातलं काही नाही. पप्पांनी ते कधी शिरूच दिलं नाही. शेजारच्या काकूंनी एकदा परीक्षेच्या दिवशी माझ्या दप्तरात लिंबू ठेवलं होतं, तर पप्पांनी त्याचं सरबत करून त्याच काकूंना पाजलं. अशा माणसाची मुलगी मी... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड होतंय. पण दोन वर्षं झाली, आणि एक सकाळ अशी आहे जी मला कुठेच बसवता येत नाही.

आम्ही अंबरनाथ ईस्टला राहतो. पप्पा एमआयडीसीतल्या एका कंपनीत फिटर होते. माझा मोठा भाऊ – दादा – मुंबईच्या कॉलेजात कबड्डी खेळायचा. तिथल्या एका सरांनी त्याचा खांदा बघून त्याला रग्बीत ओढलं. आमच्या बिल्डिंगमध्ये रग्बी म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. पप्पा पहिली मॅच बघून आले आणि आईला म्हणाले, "चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण पास द्यायचा तो मागच्याला. अगं, आमच्या कंपनीत असंच चालतं, फक्त पुढे कोणी जात नाही."

आणि मग ते त्या खेळाच्या नादीच लागले.

२००६ च्या शेवटी त्यांनी एक जुनी मेटाडोर घेतली. आधी ती उल्हासनगरच्या एका बेकरीची होती, ऊन तापलं की आजही आत खारीचा वास येतो. पप्पांना तिची कॅम्परव्हॅन करायची होती. दादाच्या टीमच्या मॅचेस जिथे जिथे असतील तिथे आपण मागोमाग जायचं, वाटेत लेणी, किल्ले, नद्या बघायच्या, गाडीतच रांधायचं आणि गाडीतच झोपायचं. उल्हासनगरला एक सिंधी फॅब्रिकेटर होते, गोप अंकल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहब, चलता-फिरता वन रूम किचन बना के देता हूँ. लेकिन संडास नहीं डालूँगा. मेरा उसूल है."

दोन बर्थ, घडीचं टेबल, शेगडीसाठी पत्र्याचा ओटा. खिडक्यांना आईच्या जुन्या साडीचे पडदे... केशरी, मोठ्या फुलांचे.

मला त्या गाडीची लाज वाटायची. हे स्पष्टच लिहिते. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, मैत्रिणी कल्याणच्या, त्यांच्या घरी कार होत्या. आणि आमच्या गेटवर ही केशरी पडद्यांची मेटाडोर. मे महिन्यात एका रविवारी पप्पा ट्रायल म्हणून बदलापूरला बारवी धरणाकडे निघाले. मला म्हणाले, "मनू, चल. पुढे बस माझ्या बाजूला. नकाशा तुझ्याकडे."

मी म्हटलं, "क्लास आहे."

क्लास नव्हता. मी घरीच होते. पडद्याआडून मी त्यांना स्टार्टर मारताना पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर त्यांनी पाण्याची बाटली ठेवली होती. संध्याकाळी आले तेव्हा खूश होते. "पिकअप मस्त आहे," म्हणाले. क्लास कसा झाला ते विचारलंच नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही.

जूनमध्ये फर्स्ट शिफ्टला कंपनीतच त्यांना अटॅक आला, आणि ते गेले.

त्या डिसेंबरात दादाच्या टीमची स्पर्धा होती. एक शनिवार-रविवार पुण्याला, पुढचा कोल्हापूरला. जाता-येताचा सगळा रूट पप्पांनी आधीच ग्राफ पेपरवर आखून ठेवला होता... भाजे लेणी, वाई, पाचगणी, सातारा, पन्हाळा. आई म्हणाली, "आपण जायचं." एवढंच. दादा टीमच्या बसने गेला. गाडी चालवायला आईचा भाऊ, विलास मामा. तो उल्हासनगरच्या फर्निचर मार्केटमध्ये टेम्पो चालवतो आणि गप्प बसत नाही.

पुण्याच्या दोन्ही मॅचेस दादाची टीम जिंकली. आई प्रत्येक टॅकलला डोळे झाकायची आणि मामा प्रत्येक वेळी ओरडायचा, "अरे धर ना त्याला, लग्नाला आलायस काय!"

सोमवारी आम्ही वाईला निघालो. खंबाटकी घाट उतरल्यावर मागचा डावा टायर बसला. मामाने जॅक लावला, स्टेपनी चढवली. तेवढ्यात हायवे पोलिसांची जीप आली आणि "हटाव, हटाव, टर्निंगला गाडी लावतात का!" सुरू झालं. मामाने घाईघाईत सामान आत फेकलं आणि गाडी काढली. वाईच्या अलीकडे एका रसवंतीच्या मागच्या मोकळ्या जागेत आम्ही मुक्काम केला. मालक चांगला होता. उसाच्या चिपाडांचा ढीग, एक म्हैस, पलीकडे शेत. जेवलो आणि लवकर झोपलो.

सकाळी साडेसात-पावणेआठ वाजले असतील. स्वच्छ ऊन पडलं होतं. आई आत चहा ठेवत होती, मामा हापशाजवळ ब्रश करत होता. मी तोंड धुऊन गाडीला वळसा घालून येत होते, तेव्हा मागच्या डाव्या चाकाकडे लक्ष गेलं.

चाकाच्या नटांवर पिवळ्या रेघा होत्या.

हे नीट सांगायला हवं. पप्पांच्या कंपनीत पद्धत होती, फिटरने नट कसला की त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची – नट, बोल्ट आणि खालचा पत्रा, तिन्हींवरून सलग. नट जरा हलला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. मग दुसऱ्या माणसाने तो तपासून बाजूला पांढरी रेघ मारायची. पप्पा हे घरीही करायचे. स्कूटरला, पंख्याला, माझ्या सायकलला. पिवळी त्यांची, पांढरी माझी. मी पाच-सहा वर्षांची असल्यापासून खडू घेऊन मागे मागे फिरायचे. नववीत गेल्यावर मीच बंद केलं.

मी वाकले. रेघा सरळ, बारीक, वरून खाली. अगदी पप्पा मारायचे तशा. बोट लावलं... रंग ओला होता. बोटाला लागला.

आधी मी मोजले. सहा नट. रेघा पाचांवर.

मग परत मोजले. कारण पप्पांची एक खोड होती, ती मी कधी कुणालाच सांगितली नव्हती. ते एक नट मुद्दाम सैल सोडायचे. रेघ न मारता. मी खरंच तपासतेय की नुसता खडू ओढत जातेय, हे बघायला. मी तो पकडला की ते मला सलाम ठोकायचे, "पास आहे मॅडम." आईला हे माहीत नव्हतं, दादाला नव्हतं. तो आमचा खेळ होता, दोघांचाच.

मी सहाव्या नटाला हात लावला. तो दोन बोटांनी फिरला.

"मामा," मी म्हटलं. माझा आवाज तसाही मोठा नाही. परत म्हटलं, "मामा, इकडे ये."

तो तोंडात ब्रश घेऊनच आला. मी विचारलं, "रंग तू लावलास?"

"कसला रंग?" तो खाली बसला, आणि त्याने ब्रश तोंडातून काढला. "आयला... मने, काल तो पोलीस डोक्यावर ओरडत होता ना, मी दोन-तीनच नट कसले. बाकीचे हातानेच फिरवले. म्हटलं वाईत पोचल्यावर कसू. साफ विसरलो गं."

"मग हे पाच?"

त्याने पाना आणला. एकेक करून पाचही बघितले. जाम होते. इतके की त्याच्या हाताला रग लागली. "आपण आज पाचगणीचा घाट चढणार होतो," तो म्हणाला. आणि तो पप्पांचा टूलबॉक्स काढायला गाडीत शिरला.

पप्पांच्या टूलबॉक्समध्ये पिवळ्या रंगाचा छोटा डबा होता. झाकण गंजून घट्ट बसलेलं. मामाने स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर आत रंग वाळून दगड झाला होता, ब्रशसकट. रसवंतीवाल्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "मी कशाला हात लावू पोरी तुमच्या गाडीला? रात्रभर कुत्रंसुद्धा भुंकलं नाही."

आई चहाचे कप घेऊन खाली आली. मी तिला खेळाचं सांगितलं नाही. ती फक्त रेघांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यांचा हात आहे," आणि कप मडगार्डवर ठेवून आत गेली. आतून भांडी घासल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

मामाने सहावा नट कसला. माझ्याकडे खडू नव्हता. मी मामाच्या खिशातून टूथपेस्टची ट्यूब काढली आणि पाचही पिवळ्या रेघांच्या बाजूला एकेक पांढरी रेघ ओढली.

"हे काय आता?" मामा म्हणाला.

"तपासले," मी म्हटलं.

कोल्हापूरला दादाला सगळं सांगितलं. कानाला पट्टी, हनुवटीला टाका, तसाच बसून ऐकत होता. तो इंजिनिअरिंगचा. म्हणाला, "पप्पांनी मे महिन्यात मारलेल्या जुन्या रेघा असतील." पण ते नट काढून परत लावले होते. जुन्या रेघा सलग जुळतील कशा? आणि ती स्टेपनी तर गाडीला आधी कधी लागलीच नव्हती, तिच्या पत्र्यावर रेघ आली कुठून? मग म्हणाला, "मामाने झोपेत केलं असेल." मामा म्हणाला, "मी झोपेत कूससुद्धा बदलत नाही रे." मी दादाला माझं बोट दाखवलं. नखाच्या कडेला पिवळा रंग अजून होता. तो बघत बसला आणि म्हणाला, "मला का नाही दिसलं काही? मी खेळत होतो ना त्यांच्यासाठी."

फायनल ते हरले. शेवटच्या मिनिटाला दादा चेंडू घेऊन लाइनच्या दोन हात अलीकडे पडला. आई उभी राहून ओरडत होती, या वेळी डोळे उघडे ठेवून.

लोक असे अनुभव लिहितात तेव्हा भीती वाटली असं लिहितात. मला वाटली नाही. मला हाव सुटली. वाईनंतरच्या प्रत्येक मुक्कामाला – साताऱ्याला, पन्हाळ्याला – मी सगळ्यांच्या आधी उठून चारही चाकांभोवती फिरले. काही नव्हतं. धूळ, दव, एकदा एक गोगलगाय.

पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी आल्यावर आठवड्याभराने, रविवारी संध्याकाळी, मी पाना घेऊन खाली गेले. मेटाडोर कंपाउंडच्या भिंतीला लावलेली होती. पुढच्या उजव्या चाकाचा एक नट मी सैल केला. गाडी कुठे जाणार नव्हती, किल्ली माझ्याकडेच होती. मग मी पुढच्या सीटवर जाऊन बसले, ड्रायव्हरच्या शेजारी. काचा बंद होत्या. आत खारीचा वास होता. मी म्हटलं, "पप्पा, त्या दिवशी क्लास नव्हता." मोठ्याने म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

सकाळी सहाला खाली गेले. नट तसाच होता. त्यावर दवाचे थेंब होते. मी तो बोटांनी फिरवून पाहिला, सैल. पुढच्या दिवशीही सैल. तिसऱ्या दिवशी दादाला गाडी हवी होती, म्हणून मी तो कसून टाकला. माझ्या हाताने. पूर्ण जोर लावून.

वाईला काय झालं, ते कुणी केलं, आणि केलं तर मग परत का नाही... मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला साधं, व्यवहारी कारण सुचलं तर जरूर लिहा. मी ते नीट वाचेन. पण खरं सांगते, ते पटू नये असंच मला वाटेल.