समुद्राचा दिवस

माझ्या आत्याने आयुष्यात कुणालाही पाण्यात पाहिलं नाही. पाणी मात्र तिने एकतीस वर्षं पाहिलं. बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीच्या वेळा काढणं हे तिचं काम. धक्क्यावरची पट्टी वाचायची, वहीत आकडा टिपायचा, त्यावरून पुढच्या वर्षाचं वेळापत्रक मांडायचं. पट्टी भरतीला वाचायची आणि भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून आमच्या घरचं जेवणही रोज तेवढंच पुढे सरकायचं. काका म्हणायचे, "लग्न हिच्याशी केलं, संसार चंद्राशी चाललाय."

आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मी बर्फ मोजायला पार पृथ्वीच्या टोकाला गेले, हे तिला मुळीच रुचलं नव्हतं. समुद्रावर तरंगणारा बर्फाचा अवाढव्य थर, त्याची एक कड तेवढी जमिनीला धरून. त्यात खांब रोवून, त्यावर बसवलेल्या यंत्राने तो तासातासाला किती सरकतो ते मी दोन वर्षं मोजलं. आकडे आले ते वेड्यासारखे: कधी जोरात, कधी जागच्या जागी. सरासरी काढली तर सपाट रेघ. माझे सर म्हणाले, "यंत्र बिघडलंय. शुक्रवारपर्यंत अर्थ लागला तर बघू, नाहीतर काम बंद." काम बंद म्हणजे मी कायमची घरी, इथल्याच कॉलेजात शिकवायला. अर्थ लागला तर आणखी दोन वर्षं तिकडे. आत्याला यातलं काय हवं होतं, ते शेजाऱ्यांनाही ठाऊक होतं.

आकडे घेऊन मी घरी आले होते. सोमवारी ते कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. आत्या वाटाणे सोलत होती. चष्मा लावून तिने बराच वेळ पाहिलं.

"खाली पाणी आहे ना गं या बर्फाच्या?"

मी हो म्हटलं, तशी ती पुन्हा वाटाण्यांकडे वळली. मंगळवार-बुधवार माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. तिने मला आग्रह करकरून जेवू घातलं, दुपारी जबरदस्तीने झोपवलं, आणि कागदांविषयी अवाक्षर काढलं नाही.

गुरुवारी मी ते फाडायला घेतले तेव्हा तिने माझा हात धरला.

"हे रचलंस कसं?"

"रोजचे नऊ वाजताचे आकडे एकत्र, दहाचे एकत्र. मग सरासरी."

"तिथंच माती खाल्लीस. तुझा दिवस चोवीस तासांचा, समुद्राचा पन्नास मिनिटांनी मोठा. या सोमवारी नऊला भरती असेल तर पुढच्या सोमवारी नऊला ओहोटी. एकीवर दुसरी रचलीस, मग सपाट होईल नाहीतर काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच टेबलावर मी वीस वर्षं पुढे सरकलेलं जेवण जेवले होते.

आम्ही दोघींनी सगळे आकडे समुद्राच्या दिवसाप्रमाणे नव्याने मांडले. ओहोटी लागली की बर्फ पुढे धावत होता, भरतीला अडून बसत होता. दोन वर्षं, न चुकता. यंत्र शहाणंच होतं. संध्याकाळी मी आलेख पाठवला आणि तासाभरात सरांचं उत्तर आलं: तयारीला लागा.

मला आनंद झाला आणि लगेच आत्याकडे लक्ष गेलं.

"आत्या, आता मला परत जावं लागणार."

"माहीत आहे. सोमवारीच दिसलं होतं मला."

"सोमवारी? मग तीन दिवस गप्प का बसलीस?"

तिने कागद गोळा करून नीट एकावर एक ठेवले.

"तेवढे तीन दिवस तरी घरात राहिलीस ना."