मी जागी होते

आमच्या गाडीतला टेप बिघडला तो बिघडलाच. नवऱ्यानं दुरुस्त केला नाही. म्हणाले, "तू हायस की." पुण्याकडचं लांबचं भाडं लागलं आणि गाडीत जागा असली, की मला पुढच्या सीटवर बसवायचे. काम एकच, बोलत राहायचं. ड्रायव्हरचा, म्हणजे ह्यांचाच, डोळा लागू द्यायचा नाही. शाळेचं तोंड मी बघितलं नाही, लिहायला पोरांच्या पुस्तकांवरून शिकले, पण बोलण्यात मला कुणी हरवावं! परतताना नगरपर्यंत जावा-नणंदा, जालन्यापर्यंत सगळं माहेर, आणि मंठा सोडलं की भांडण. भांडणानं माणूस लय चांगला जागा राहतो.

ड्रायव्हर म्हणून ह्यांचं नावच तसं होतं. बोरीच्या आसपास कुणाची बाळंतीण आणायची असो, म्हातारं माणूस दवाखान्यात न्यायचं असो, लोक म्हणायचे, "त्येंचीच गाडी सांगा." दारू नाही, गुटखा नाही, घाई नाही. जमीन थोडी, ती धाकटा दीर कसायचा. आमचं पोट त्या नावावर होतं.

आता रोह्यांचं सांगते. शहरात नीलगाय म्हणतात म्हणे. गाय कसली, घोड्याएवढं जनावर! तुरीत, हरभऱ्यात कळप शिरला की शेंडा ठेवत नाही. मारायचं तर कायदा आडवा. मग सुतळी बॉम्ब लावायचे आणि हाकलायचे. मागं असंच कुणीतरी हाकललेलं रोही रस्त्यावर आलं, मोटारसायकलवरचे नवरा-बायको आडवे झाले. बाई गेली. तेव्हा सगळं गाव पारावर बसलं आणि ठरलं, की रोही हाकलायचं ते माळाकडं. रस्त्याकडं हाकलील त्याच्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही, सोयरीक करायची नाही. हात वर करून सगळ्यांनी कबूल केलं. माझ्या दिरानंही.

त्या पहाटे आम्ही पुण्याहून येत होतो. गावातले रिटायर हेडमास्तर गुरुजी आणि त्यांच्या बाई मुलाचा नवा फ्लॅट बघून परतत होते, मागं दोघंही घोरत होते. जिंतूर मागं पडलं. फटफटलं होतं, पण धुकं दाट. माझं भांडण रंगात आलेलं. लेकीच्या बारशात त्यांची मावशी मला काय बोलली आणि हे कसे मुकाट बसले, ते मी चौथ्यांदा काढलं होतं. ते म्हणत होते, "मावशी मरून गेली की गं!" मी म्हणत होते, "बोलून मग मेली ना!"

आमच्याच शेताशी आलो आणि डाव्या हाताच्या तुरीतून धाडदिशी बॉम्ब वाजला. ते म्हणाले, "हा कुणीकडं हाकलायलाय?" आणि ब्रेकवर पाय दिला. तोवर धुक्यातून तीन रोही आली. दोन पार झाली, तिसरं बॉनेटवर आदळलं. काच फुटली, गाडी उजवीकडच्या नालीत कलंडली. रोही उठलं, पाय ओढत पलीकडच्या कपाशीत शिरलं. हे मी या डोळ्यांनी बघितलं.

बाईंचा हात कोपरात मोडला होता, त्यांच्या किंचाळ्या ऐकवत नव्हत्या. सगळ्यात आधी पळत आला तो माझा दीर. अंगाला फटाक्याच्या दारूचा वास. माझ्या तेव्हाच ध्यानात आलं. तुरीच्या मागं त्याचा हरभरा, त्याच्या मागं माळ. माळाकडं हाकलायचं म्हणजे कळप त्याच्या हरभऱ्यातून जाणार. म्हणून त्यानं कळपाचं तोंड रस्त्याकडं फिरवलं होतं.

"काय झालं रे?" गुरुजींनी विचारलं.

"रोही आलं, गुरुजी," हे म्हणाले.

"कुठंय?"

कुठं म्हणून दाखवायचं? गुरुजी दिराकडं वळले. "तू इथंच होतास ना? पाहिलंस का?"

दीर बाईंना उचलत म्हणाला, "न्हाई जी. म्या आवाज ऐकून पळत आलो. दादाचा डोळा लागला असंल. रातभर गाडी हाणलीय बिचाऱ्यानं."

बिचाऱ्यानं! शिवी दिली असती तरी मी गिळली असती.

बॉनेटला केस चिकटले होते. मी दाखवायला गेले तर गुरुजी म्हणाले, "आधी हिला दवाखान्यात न्या." त्यांचंही खरंच होतं. दवाखान्यातून परत येऊन बघते तर दिरानं गाडी नालीतून काढून, धुऊन, पुसून दारात लावलेली. भावाच्या मायेनं.

मी ह्यांना म्हटलं, "चला पारावर. सांगा खरं."

"त्येची पोरगी लग्नाची हाय. नाव निघालं तर कोण पदरात घेईल तिला? माझं काय, मी म्हातारा झालो."

"आपण खायचं काय?"

"गप बस."

मी बसले. लोकांनी मात्र बोलून घेतलं. पहिल्यांदा बाळंतिणी बंद झाल्या, मग म्हातारी माणसं, मग सगळेच. ज्या गाडीत लोक डोळे मिटून बसायचे, तिच्यात हे ताडकळसच्या बाजाराला कांद्याची पोती न्यायला लागले. पोत्यांना भीती नसते.

पुतणीची सोयरीक येलदरीकडं जमली. सुपारी फुटायच्या दिवशी पाहुणे आणायला गाडी हवी होती. हे चावी घेऊन उठले, "मी आणतो." तर दीर चारचौघांत हसून म्हणाला, "दादा, तुमी ऱ्हाऊ द्या. पाव्हणे जित्ते आणायचेत!"

सगळे हसले. गुरुजीसुद्धा. ह्यांनी चावी खिशात घातली आणि तेही हसले. ते हसणं मला सोसलं नाही.

मी पुऱ्या लाटत होते, पिठाच्या हातानं बाहेर आले. "भावजी, बॉम्ब कुणी लावला व्हता, तुमी सांगता का मी सांगू? मी जागी व्हते. तिन्ही रोही तुमीच रस्त्याकडं हाकलली."

दिराचं तोंड पांढरं पडलं. पुतणी हळदीकुंकवाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. गुरुजींनी ह्यांना विचारलं, "काय हो? खरं आहे का हे?"

एक शब्द. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ह्यांनी पुतणीकडं बघितलं, मग भावाकडं. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, "हिचं काय ऐकता गुरुजी? ही झोपली व्हती."

कुणीतरी म्हणालं, "ही अन् झोपली? मग गाडी उलटणारच की!" परत हशा. मग पाहुणे आले, सुपारी फुटली, माझ्याच पुऱ्या खाऊन गेले.

घरी आल्यावर मी विचारलं, "भावाची इज्जत राखली, पुतणीचं लगीन राखलं. माझं काय राखलं तुमी?"

ते चपला काढत होते. "बाईमाणसाचं बोलणं कोण मनावर घेतंय? लोक विसरतील."

विसरले, ते खरं. पुतणी सासरी सुखात आहे, तिच्यावर माझा राग नाही. दीर पारावर मानानं बसतो. गाडी आम्ही विकून टाकली.

परवा देवळात बाई भेटल्या. त्यांचा हात वाकडाच जुळला, पायऱ्या उतरताना आधार लागतो. मी धरलं त्यांना. त्या मायेनं म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी झोपेत होतात ते एक बरं झालं हो. भीती तरी वाटली नसेल."

मी म्हटलं, "जपून. पुढची पायरी उंच हाय."