साहेबांच्या हातचा पहिला घास

आमच्या नातीला घरात सगळे फौजदार म्हणतात. चार वर्षांची असताना तिनं एका पाहुण्याला चपलांसकट आत आला म्हणून हाताला धरून दारापर्यंत परत नेलं होतं. ही फौजदार कॉलेजच्या उन्हाळी सुट्टीत एका बड्या कंपनीत इंटर्न म्हणून लागली. काम काय, तर दुसऱ्यांनी केलेल्या कामाच्या रंगीत स्लाइड बनवायच्या. पण सुट्टी संपताना चांगल्या पोरांना कायमची नोकरी मिळणार होती. बापाचा कारखाना बंद पडलेला, त्यामुळे आम्हा सगळ्यांचाच जीव त्या नोकरीत अडकलेला.

शेवटच्या आठवड्यात कंपनीनं समाजसेवा काढली. वृद्धाश्रमात जेवण वाढायचं. ‘घरच्यांनाही आणा’ असा हुकूम. माणसं जास्त दिसायला हवीत ना! मी इस्त्रीचा सदरा चढवून सेवेला निघालो.

फाटकातच एका इंटर्न पोरीनं माझा दंड धरला. “या आजोबा, सावकाश,” म्हणत मला थेट म्हाताऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवलं.

“अगं बाई, मी वाढायला आलोय!”

“हो हो, आजोबा,” म्हणून तिनं माझ्या गळ्यात कंपनीचं नाव छापलेला रुमाल बांधला.

माझ्या शेजारी आश्रमातल्या एक शिंपीणबाई बसल्या होत्या, त्या हसल्या. “नवीन का? मग कळ काढा. साहेब आल्याशिवाय ताटाला हात लावायचा नसतो.”

पहिला घास साहेबांनी भरवायचा आणि त्याचा फोटो निघायचा, ही त्या कंपनीची रीत! भाताची पातेली समोर झाकून ठेवलेली आणि साहेब कुठल्याशा मीटिंगमध्ये. ऊन डोक्यावर आलं. शिंपीणबाईंना साखरेचा आजार. उपाशीपोटी त्यांची साखर उतरली, दरदरून घाम फुटला, जीभ अडखळायला लागली.

मी ओरडलो, “अरे, यांना आधी खायला द्या!”

एक इंटर्न पोरगा म्हणतो, “साहेबांना फोन करून विचारतो.” भुकेला परवानगी!

तेवढ्यात आमची फौजदार धावत आली. शिंपीणबाईंच्या तोंडात साखर घातली, पातेल्याचं झाकण काढलं आणि सगळ्यांनाच वाढायला घेतलं.

मैत्रीण कुजबुजली, “वेडी आहेस का? नोकरी जाईल तुझी!”

“आधी मिळू तर दे. धर ते ताट.”

साहेब आले तेव्हा आम्ही ढेकर देत होतो.

“हरकत नाही,” ते म्हणाले, “पुन्हा वाढा. दोनच घास. फोटो झाला की सुटलात.”

भरल्या पोटाच्या माणसांनी भुकेचं सोंग करायचं! शिंपीणबाईंना आता हुशारी आली होती. “साहेब, आमचं झालं. तुम्हीच बसा, मी भरवते.”

रांगेत हशा पिकला. साहेब लालबुंद. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवून फौजदाराला सांगितलं, “या आजोबांना भरव, हसून फोटो दे आणि विषय संपव.”

“हे माझेच आजोबा आहेत,” ती म्हणाली, “आणि ते जेवलेत.”

तिच्या मैत्रिणीला नोकरी मिळाली. हिला शेरा मिळाला, ‘संघभावना कमी’. संघभावना म्हणे! बाप पुटपुटला, “जरा गप्प राहिली असती तर...”

“तर ती बाई कायमची गप्प झाली असती!” मी असा खेकसलो की तो उठून बाहेरच गेला.

आता ती दुसरीकडे मुलाखती देते. तिथं विचारतात, त्या कंपनीनं का ठेवलं नाही? ती सगळं खरं सांगून येते. आई म्हणते, “हिला जरा समजवा, आबा.”

मी नाही समजावणार.