सुतकातली माशी

फळमाशी दिसायला काही भयंकर नाही. घरातल्या माशीएवढीच, अंग पिवळट, कंबर गांधीलमाशीसारखी. पण तिच्याइतका राग मी माणसांचाही केला नाही, आणि माणसांचा मी पुष्कळ केलाय.

तिची रीत अशी. आंबा पाडाला आला की मादी सालीत टोचून अंडी घालते. वरून सुईच्या टोकाएवढा ठिपका, बस. आत अळ्या गर खातात, आंबा सडून खाली पडतो, मग अळी उडी मारून मातीत शिरते. पाय नाहीत तरी उडी मारते. मातीत तिचा तांदळासारखा तपकिरी दाणा होतो आणि त्यातून पुन्हा माशी. आंबा संपला की पेरू, मग चिकू. थंडीत जरा मरगळते, ऊन तापलं की परत आंब्यावर.

आमची बाग घिवलीच्या अलीकडे. माझी बायको रोज सकाळी चहाच्या आधी पडलेले आंबे टोपलीत गोळा करायची आणि पाण्याच्या पिंपात बुडवायची. उकिरड्यावर एक टाकू द्यायची नाही. माशी तेव्हाही होती, पण बेताची.

बायको गेल्या साली गेली, राजापुरी आंबा पडायच्या दिवसांत. आमच्यात सुतक फिटेपर्यंत झाडाला, फळाला हात लावत नाहीत. कोणीच लावला नाही. आंबे पडले, सडले, अळ्या मातीत गेल्या. तेराव्याचं गोड जेवून पाहुणे गेले, आणि थोड्याच दिवसांत पेरूंवर माशांचं लग्न लागलं.

पेरू गेला. चिकूही निम्मा गेला. माझी थोरली वहिनी म्हणाली, "भावजी, तिचा जीव बागेत अडकलाय. म्हणून माशी हटत नाय."

"ज्या माशीची पोरं तिनं जन्मभर पाण्यात बुडवली, ती माशी होऊन येल? तुमी आलात तर नवल नाय."

वहिनी महिनाभर बोलली नाही. बरं झालं.

मग मी एकच धरलं. वर्षश्राद्धाला तिच्या पानावर आमच्याच झाडाची राजापुरी वाढायची, आत अळी नसलेली. मुलगा बोईसरला कारखान्यात असतो. तो म्हणाला, "बाबा, बाजारातून पेटी आणतो. कोण बघायला बसलंय?"

"मी."

थंडी सरताना झाडांखालची माती उकरून उन्हात उलटी केली. सापळे टांगले. सापळ्याच्या वासाला भुलून नुसते नर येतात आणि मरतात. शेजारी हसला, "म्हाताऱ्या, बाप्यांवरच का उठलास?"

"बायका कोणाच्या हाताला लागतात?"

त्याच्या बागेत पडलेले आंबेही मी उचलायला लागलो, तेव्हा मात्र तो तापला. "माझे आंबे चोरतोस?"

"तुझ्या अळ्या चोरतो. घरी भाजी करतो त्यांची."

राजापुरीच्या फळांना वर्तमानपत्राच्या पिशव्या शिडीवर चढून मीच बांधल्या. सून खालून ओरडत होती, या वयात पडाल म्हणून. पडलो असतो तर आणखी एक सुतक, आणि माशीची चंगळ.

श्राद्धाच्या सकाळी पिशव्या काढल्या आणि विळी घेऊन बसलो. वहिनी आली होतीच. "अख्खा ठेवा भावजी. पानावरचं फळ कापत नाय."

"आत अळी असली तर ती वाढू तिला?"

पहिला कापला. वळवळत होत्या. कागद कुठंतरी फाटला असणार. दुसरा कापला, तोही तसाच. भटजी घड्याळ बघत होते. मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबा, पेटी गाडीत हाय." आणलीच होती कार्ट्यानं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

तिसरा कापला. केशरी, कोयीपर्यंत स्वच्छ. दोन्ही फाका आणि कोय पानावर ठेवली.

मला वाटलं होतं, निदान घटकाभर राग उतरेल. नाही उतरला. ती असती तर तिनं आधी कोय उचलली असती. कोय पानावर होती तशीच पडून राहिली आणि तिच्यावर माशी येऊन बसली. साधी घरातली माशी होती. तरी मारली.