एक्टमी की ऑस्टमी

ऑपरेशनच्या याद्या टाइप करणाऱ्या बाईला सगळं इस्पितळ फोडताई म्हणायचं. नोकरीला लागली तेव्हा लांबलचक इंग्रजी नावं वाचताना तिची बोबडी वळायची. मग जुन्या मेट्रनबाईंनी युक्ती सांगितली, "शब्द शेपटीकडून धर. एक्टमी म्हणजे काढून टाकायचं, ऑस्टमी म्हणजे वाट करून द्यायची. मग डोकं बघ, अवयव कळेल." तेव्हापासून ती कसलाही शब्द चुटकीसरशी फोडायची आणि नातेवाईक तिच्या खिडकीशी कागद घेऊन यायचे.

त्या संध्याकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. बायकोचं ऑपरेशन उद्या होतं.

"ताई, हे काय म्हणायचं?"

"नेफ्रेक्टमी, काका. नेफ्र म्हणजे मूत्रपिंड. एक्टमी, म्हणजे ते काढणार."

काकांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उघडली आणि बाकावर जाऊन बसले.

ती कामाला लागली खरी, पण चित्त थाऱ्यावर नव्हतं. यांना डॉक्टरांनी सांगितलं नसेल? दोनदा उठून पाणी प्याली. पर्स घेऊन दारापर्यंत गेली, परत आली. शेवटी खणातून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. 'नेफ्र'च्या पुढे चक्क गोल ओ होता. ऑस्टमी. यादीत चूक तिनेच केली होती.

ती धावतच जिना चढली. डॉक्टर हात धूत होते.

"मूत्रपिंड कोण काढतंय? लघवी अडकलीय, नळी घालायचीय. यादी बदला आणि संमतीपत्र पुन्हा भरून घ्या."

खाली आली तर बाक रिकामा. वॉर्डात नाहीत, कँटीनमध्ये नाहीत. काका फाटकाजवळ फोनवर बोलत होते.

"काका, माझं चुकलं. काही काढणार नाहीत, नुसती नळी घालणार आहेत."

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि फोन तिच्या हातात दिला. "मुलगी रडतेय. तिला तुम्हीच सांगा."

तिने पुन्हा शब्द फोडून सांगितला.

"नक्की ना?" पलीकडून मुलगी म्हणाली. "मघाशीही तुम्हीच सांगितलं होतंत."

काकांना सोबत घेऊन ती वर गेली आणि फोन डॉक्टरांना दिला.

दुसऱ्या दिवशी नळी नीट बसली. दुपारी डबा न उघडताच ती वॉर्डच्या दाराशी गेली. काका बायकोला चमच्याने पाणी पाजत होते. आत जावं की न जावं, करत ती घुटमळली. काकांनी मान वर केली आणि पायानेच स्टूल तिच्याकडे सरकवलं.